बटेरांचे रिंगण, पऱ्यांचा दरबार

जुन्या लखनौत लढाऊ बटेर तयार करायचा म्हणजे मोठा व्याप असे. चिडीमाराकडून आणलेला पक्षी आधी पाण्याने भिजवायचा आणि तासन्‌तास मुठीत धरून बसायचे. याला ‘मूठ करणे’ म्हणत. पक्ष्याची भीड मोडली की त्याला उपाशी ठेवायचे, मग साखर चारून त्याचे पोट साफ करायचे. एवढ्यावर भागत नसे. रात्र चढली, गल्ली निजली, की उस्ताद पक्ष्याच्या कानाशी तोंड नेऊन ‘कू’ अशी आरोळी ठोके, आणि हे पुन्हा पुन्हा चाले. त्याने अंगावरची चरबी झडते, पक्षी चपळ होतो, अशी समजूत. शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार या शास्त्रात नव्हता.

हा तपशील अब्दुल हलीम शरर यांचा. शरर (१८६०-१९२६) लखनौचे, पण त्यांचे लहानपण बरेचसे कोलकात्याजवळच्या मटियाबुर्जात गेले. अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह तिथे राहत होता आणि शरर यांचे वडील त्याच्या चाकरीत होते. पुढे शरर यांनी ‘दिलगुदाज’ या आपल्या मासिकात १९१३ पासून लखनौच्या सरत्या संस्कृतीवर लेखमाला लिहिली. ती ‘गुजश्ता लखनौ’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात स्वयंपाक आहे, पोशाख आहे, संगीत आहे आणि माणसांनी प्राणी-पक्षी कसे जमवले, कसे शिकवले, कसे झुंजवले याचीही सविस्तर हकिकत आहे.

बटेरांना पायऱ्या होत्या. पहिल्या हंगामातला पक्षी ‘नवा’. पिसे झडून नवी आली आणि तो दुसऱ्या हंगामात उतरला की ‘नौ-कुरीज’. त्यापुढे ‘कुरीज’, म्हणजे मुरलेला गडी. नावेही तशीच भारदस्त: कुणी रुस्तम, कुणी सोहराब. तळहातावर मावणारा पक्षी, पण नाव शाहनाम्यातल्या पहिलवानाचे!

हे सगळे आज दहा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवले तर ते म्हणेल, हे तर पोकेमॉन झाले. आणि ते चुकणार नाही. सातोशी ताजिरी या जपानी माणसाने लहानपणी टोकियोजवळच्या माचिदा गावात किडे गोळा केले होते. शहर वाढत गेले, डबकी बुजली, किडे गेले. पुढे दोन गेमबॉय, म्हणजे हातात धरून खेळायची यंत्रे, जोडणारी वायर पाहून त्याला सुचले की या वायरीतून प्राणी एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतील. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये तो खेळ बाजारात आला. रानात हिंडून चित्रविचित्र जीव पकडायचे, त्यांना शिकवायचे, एका रूपातून दुसऱ्या रूपात चढवायचे आणि दुसऱ्याच्या जिवांशी झुंजवायचे. भारतातल्या मुलांना हे जग २००३ साली कार्टून वाहिनीवरून भेटले.

अशा कल्पित जगाची खेळायची जागा उभारायची, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना तिथे सुखाने बसता यावे, तर ती कशी असावी? हा प्रश्न मॉलमधल्या गेम झोनवाल्यांना आज पडतो. लखनौला तो वेगवेगळ्या रूपांत दोनशे वर्षे पडत आला आहे. त्या शहराने रिंगण करून पाहिले, चक्रव्यूह करून पाहिला, राक्षसांची पोथी छापून पाहिली. प्रत्येक वेळी घोडे अडले ते दोनच ठिकाणी: पैजेचा पैसा आणि बायका-मुलांची जागा.

१७७५ साली नवाब आसफउद्दौला याने अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला हलवली. त्याच्या काळातल्या कोंबड्यांच्या झुंजीचे एक चित्र जगप्रसिद्ध आहे. योहान झोफनी याने १७८४ नंतर वॉरन हेस्टिंग्जसाठी रंगवलेल्या या चित्रात कर्नल मॉर्डंट आणि नवाब मध्यभागी आहेत, भोवती ईस्ट इंडिया कंपनीचे साहेब, दरबारी, नोकरचाकर एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत आहेत. राजा, परका आणि प्यादा एका चौकटीत येतात ते केवळ दोन कोंबड्यांमुळे. झुंजीच्या खेळाची ही ताकद खरीच. पण चित्रातली दाटी पाहिली की कळते, या गर्दीत पोराचा हात धरून कुणी आले नसते.

मोठ्या जनावरांच्या झुंजी रंगल्या त्या गाजीउद्दीन हैदर (राज्यकाल १८१४-१८२७) आणि नसीरुद्दीन हैदर (१८२७-१८३७) यांच्या अमदानीत. मोती महालाजवळ गोमतीच्या काठी शाह मंजिल नावाची वास्तू होती. तिच्यासमोर, नदीपलीकडे, हिरवे कुरण राखलेले होते. तिथे जनावरे पाळली जात आणि काठावरच्या रिंगणात ती लढवली जात. राजा अलीकडच्या काठावरून पाहत असे. गोमतीचे पात्र अरुंद, त्यामुळे दिसायचे सगळे. आणि मध्ये पाणी, त्यामुळे वाघ बिथरला तरी राजाला धोका नाही. आजचा वास्तुरचनाकार यासाठी काच बसवील आणि तिचे बिल लावील. लखनौने नदी वापरली.

त्या रिंगणात वाघ, गेंडे, हत्ती, उंट, सांबर, मेंढे सगळे उतरत. १८५५ साली लंडनमध्ये एक निनावी पुस्तक निघाले, ते विल्यम नाइटन याने लिहिले होते. त्यात नसीरुद्दीनच्या दरबारातल्या एका नरभक्षक घोड्याची कथा आहे. रस्त्यात माणसांना फाडणारा हा घोडा पिंजऱ्यात वाघासमोर सोडला, तर त्याने लाथांनी वाघाचा जबडा मोडला. त्याच पुस्तकात जेवण उरकल्यावर मेजावरच लढवलेले छोटे पक्षीही आहेत. पुस्तक अवध खालसा होण्याच्या आदल्या वर्षी निघाले आणि नवाबी किती उधळी होती हे इंग्रज वाचकांना पटवायला ते सोयीचे ठरले, म्हणून त्यातली प्रत्येक ओळ खरी धरू नये. तरीही झुंजींचा शौक कपोलकल्पित नव्हता; शरर यांचीही साक्ष आहे.

गेंडा पोसायला राजाच लागतो. बटेर पोसायला मूठभर दाणे आणि रिकामा वेळ पुरतो. म्हणून राज्य आकसत गेले तसा हा शौक महालातून गल्लीत उतरला. कोंबडे, बटेर, तितर, बुलबुल, कबुतरे... गरिबालाही आपापला रुस्तम पाळता येऊ लागला. त्याबरोबर लबाडीही उतरली. आपल्या पक्ष्याच्या चोचीला वासाचे तेल लावायचे, म्हणजे समोरचा दोन टोचांतच मागे सरतो. किंवा लढतीआधी नशेची गोळी चारायची, म्हणजे जखमी होऊनही पक्षी हटत नाही. खेळाडूंच्या उत्तेजक चाचणीचा शोध लागायच्या किती आधीची ही गोष्ट! मुळाशी अर्थातच पैज होती. पैसा लागला नसता तर कुणी एवढी अक्कल खर्चली नसती.

कबुतरांच्या शौकात याहून विचित्र प्रकार झाले. पिसे उपटून त्या जागी दुसऱ्या रंगाची पिसे बसवायची आणि पक्ष्याच्या अंगावर नक्षी उठवायची, ही एक कला होती. एकाने तर दोन पिल्लांचे एकेक पंख कापून ती दोन्ही एकमेकांना शिवली आणि जोडकबुतर उडवून दाखवले, असे शरर लिहितात. कल्पनेत राक्षस घडवणे आणि जिवंत जिवाचा राक्षस करणे यांतले अंतर इथे स्पष्ट दिसते. लखनौच्या नजाकतीचे गोडवे गाताना हा भाग सहसा वगळला जातो. तो वगळू नये.

प्रेमचंदांनी १९२४ साली ‘शतरंज के खिलाडी’ लिहिली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हेच विलासात बुडालेले लखनौ होते. सत्यजित राय यांनी १९७७ साली त्यावर चित्रपट केला. दोघांच्याही गोष्टीत खेळ आहे तो घर विसरायला लावणारा. एका नायकाची बायको आत वाट पाहते, नवरा बाहेर प्यादी हलवतो.

मात्र त्याच शहरात आसफउद्दौलाने, बहुधा हेतू नसताना, सगळ्या कुटुंबाने खेळावे असे एक ठिकाण बांधून ठेवले होते. १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून बडा इमामबाडा उभा राहू लागला. वास्तुकार किफायतुल्लाह. मधले दालन सुमारे ५० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. छताला ना तुळई, ना मध्ये खांब. एवढ्या मोठ्या कमानदार छताचे ओझे हलके करायचे म्हणून वर भिंतींच्या पोटात अरुंद बोळ ठेवले. हे बोळ एकमेकांना छेदत, चढत-उतरत जातात. एकसारखी दारे ४८९ असल्याचे सांगितले जाते. तीच भूलभुलय्या. एरवी भारवाहक भिंतीतली पोकळी कुणी तिकीट काढून पाहिली असती? आज मुले आत शिरतात, हरवतात, ओरडतात, वाटाड्या हसत पुढे येतो. दालनाच्या एका टोकाला काडी पेटवली किंवा कागद फाडला तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाते, हा त्या वाटाड्यांचा ठरलेला प्रयोग. यात हार-जीत आहे, भीती आहे, पण पैज नाही आणि कुणाच्या अंगाला ओरखडा नाही.

चक्रव्यूह झाला. त्यात फिरणारे राक्षस मात्र लखनौने कागदावर उभे केले, आणि तेही असे की आजच्या खेळ रचणाऱ्यांनी पाय धरावेत.

अमीर हमजाची दास्तान, म्हणजे लांबलचक कथा, मुळात इराणकडून आलेली. अकबराने तिची मोठमोठी चित्रे काढून घेतली होती. पण लखनौच्या चौकातल्या दास्तानगोंनी, म्हणजे कथा सांगणाऱ्यांनी, तिला इतके फाटे फोडले की मूळ कथा बाजूला राहिली. मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ साली लखनौत छापखाना काढला होता. पुढे तो आशियातल्या बड्या छापखान्यांत गणला गेला. या छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ छापायला घेतले. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांचे, उरलेले अहमद हुसेन कमर यांचे. दहाएक वर्षांत आठ हजारांवर पाने झाली. हमजाची संपूर्ण मालिका पुढे ४६ खंडांपर्यंत गेली.

तिलिस्म म्हणजे जादूगाराने रचलेले बंदिस्त जग. होशरुबाचे तीन भाग: जाहिर, बातिन आणि जुल्मात. पहिला सर्वांना दिसणारा, दुसरा आतला, राजेशाहीचा, तिसरा काळोखाचा. बादशहा अफरासियाब, त्याच्या हाताखाली जादूगार, जादूगारिणी, देव (म्हणजे राक्षस), अजगर आणि पुतळे. या जगाला नियम आहेत. ते कधीतरी मोडणार हे ठरलेलेच असते, मोडणारा कोण हेही ठरलेले असते, पण त्याला आधी ‘लौह’ नावाची पाटी मिळवावी लागते. पुढचे पाऊल कसे टाकायचे ते तिच्यावर उमटते. एखादा जादूगार मेला की अंधार होतो, वादळ उठते आणि आवाज येतो: मला मारले, माझे नाव अमुक होते. पडद्यावर खेळ संपल्याची पाटी झळकावी तसा हा प्रकार, पडदा जन्माला येण्यापूर्वीचा.

आणि अमर अय्यार. हमजाचा हा साथी लढवय्या नाही, हिकमती आहे. त्याच्याकडे अंगावर घेताच माणूस अदृश्य होईल असे कांबळे आहे आणि ‘जंबील’ नावाची झोळी आहे. झोळीत काहीही मावते: महाल, खजिना, बेशुद्ध केलेला जादूगार. आत शहरे आहेत, कैदी आहेत. तलवारीने न जिंकता येणारा बलाढ्य शत्रू अमर दारूच्या पेल्यात गुंगीचे औषध घालून आडवा करतो आणि झोळीत टाकतो. ताजिरीच्या खेळातला मुलगा लाल-पांढरा चेंडू फेकून अजस्र प्राणी आत ओढून घेतो, तेव्हा तो नकळत अमरचेच काम करत असतो. फरक एवढाच की अमर कमालीचा कंजूष आहे आणि झोळीत गेलेले सहसा परत देत नाही.

हे जग हिंदी वाचकांकडे आले ते बनारसच्या देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’तून, १८८८ साली. मराठी घरांत अय्यार आणि तिलिस्म हे शब्द पोहोचले ते बहुतेक दूरदर्शनवरच्या १९९४ च्या मालिकेमुळे. त्यातला क्रूरसिंह आणि त्याच्या भुवया चाळिशी ओलांडलेल्यांना आठवतील.

दास्तान ऐकायची जागा म्हणजे पुरुषांची बैठक. अफूचा घोट, रात्रभर जागरण. ती छापली गेली आणि पुस्तकाच्या रूपाने घरात शिरली. लगेच प्रश्न आला: घरात हे चालेल का? दास्तानीत दारू आहे, फसवणूक आहे, शृंगार भरपूर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मौलाना अशरफ अली थानवी यांनी मुलींच्या शिक्षणासाठी ‘बहिश्ती जेवर’ हा ग्रंथ लिहिला. त्यात बायकांनी वाचू नयेत अशा पुस्तकांची यादी आहे. तीत अमीर हमजाची दास्तान आहे, गुल-ए-बकावली आहे आणि ‘इंदर सभा’सुद्धा आहे. यादी द्यावी लागली याचा अर्थ घराघरांत ही पुस्तके वाचली जात होती. पालकांची ही काळजी मोबाईलबरोबर जन्मलेली नाही.

‘इंदर सभा’ हे नाव मराठी माणसाने जरा थांबून वाचावे. सय्यद आगा हसन ‘अमानत’ यांनी वाजिद अली शाहच्या काळात, १८५० नंतरच्या दोन-चार वर्षांत, लखनौत हे संगीतनाटक लिहिले. राजा इंदराचा दरबार, त्यात चार पऱ्या: पुखराज, नीलम, लाल आणि सब्ज. पिवळी, निळी, तांबडी, हिरवी. शिवाय लाल देव आणि काळा देव हे दोन राक्षस. प्रत्येक पात्राचा रंग ठरलेला, वेश ठरलेला, आणि रंगमंचावर येताना प्रत्येकाची ओळख गाण्यातून करून दिली जाते. लांब बसलेल्या लहान मुलालाही कोण आले ते रंगावरून कळावे, अशी ही रचना. पोकेमॉनचे पहिले दोन भाग लाल आणि हिरवे या नावांनी निघाले, आणि त्यांतही जीव ओळखायचे ते आग, पाणी, गवत अशा जातींवरून. मुलांसाठी जग रचणाऱ्याला रंगाचा आधार घ्यावाच लागतो.

अमानतचे नाटक पारशी कंपन्यांनी उचलले आणि गावोगाव नेले. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘इंद्रसभा’चा प्रयोग पाहिला आणि आपणही असे गाण्याचे नाटक करावे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. मराठी संगीत नाटकाच्या वंशवेलीत लखनौच्या लाल देवाला एक कोपरा द्यायला हवा.

रंगांवरून आठवते, सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा या पत्त्यांच्या खेळात मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह असे दहा रंग आणि प्रत्येकाची बारा गोल पाने, एकूण १२०. मासा, कासव, डुक्कर, सिंह: आपल्या कोकणातही जीवांची पाने पिसली जात होती. गंजिफा लखनौतही खेळला जाई. सावंतवाडीत ही कला सत्वशीलादेवी भोसले यांनी पुढाकार घेऊन वाचवली, आणि तिथल्या राजवाड्यात आजही पाने रंगवली जातात.

वाजिद अली शाहने कैसरबागेत एक जत्रा भरवायला सुरुवात केली होती. स्वतः तो जोगी होई आणि सामान्य प्रजेला बागेत प्रवेश मिळे, अट एकच: कपडे गेरूच्या रंगाचे हवेत. म्हातारेकोतारेही भगवे होऊन हिंडत. राजाच्या बागेत खेळासाठी वेश करून शिरण्याची ही मुभा लखनौला फार थोडी वर्षे लाभली. फेब्रुवारी १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले, राजा मटियाबुर्जला गेला. तिथेही त्याने प्राणी जमवले. सापांसाठी खास डोंगर बांधला, हजारो पक्षी ठेवले. कैसरबागेतल्या परीखान्यात, म्हणजे त्याच्या नर्तकी-गायिकांच्या महालात, पुढे दुसरीच विद्या नांदली. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज हे संगीत विद्यालय सुरू झाले आणि श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ते अनेक वर्षे चालवले. आज ते भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ आहे.

राज्य गेल्यावर अकरा वर्षांनी लखनौच्या खेळांवर खरा घाव पडला. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा अवधलाही लागू होता. त्याचे तेरावे कलम वाचण्यासारखे आहे: रस्त्यावर पैशाने खेळणाऱ्याला पोलिसाने विनावॉरंट पकडावे, आणि त्याच कलमात, रस्त्यावर पक्षी किंवा जनावरे झुंजवणाऱ्यालाही पकडावे. कायदा करणाऱ्यांनी पैज आणि झुंज एकाच दाव्याला बांधली. त्याआधीचे बारावे कलम मात्र निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट देते. दीडशे वर्षांहून अधिक काळ भारतातले कितीतरी खटले, पत्त्यांपासून मोबाईलपर्यंत, अशाच दोन कलमांच्या मधल्या फटीत लढले गेले आहेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने झुंजी लावणे सगळीकडेच गुन्हा ठरवले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानातला बटेर पकडण्यालाही चाप बसला.

मग झुंज गेली कुठे? आकाशात. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी लखनौत ‘जमघट’ असतो. गच्च्या भरतात, पतंग काटले जातात, आणि यात आजीसुद्धा फिरकी धरते. रक्त नाही म्हणावे तर नायलॉनच्या मांजाने पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीस्वारांचे गळे कापले जातात. २०१७ साली हरित लवादाला त्यावर देशभर बंदी घालावी लागली. ती पुरती पाळली जात नाही.

आणि जनावरे जमवण्याची हौस लखनौच्याच बनारसी बागेत गेली. प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीची आठवण म्हणून १९२१ साली तिथे प्राणिसंग्रहालय सुरू झाले. १९६९ पासून बालरेल धावू लागली, आणि लखनौच्या कित्येक पिढ्यांची पहिली आगगाडी तीच. २०१५ साली या संग्रहालयाला नवाब वाजिद अली शाह याचे नाव दिले गेले. शौकांच्या नादात राज्य घालवल्याचा ठपका ज्याच्यावर ठेवला, त्याचेच नाव मुलांच्या लाडक्या बागेला मिळाले, हे छान झाले.

आता पुन्हा त्या जपानी खेळाकडे. १९९६ च्या पहिल्या खेळातच, सेलाडॉन नावाच्या कल्पित शहरात, एक गेम कॉर्नर होता. तिथे नाणी टाकून चक्रे फिरवायची, चित्रे जुळली की नाणी परत. जमलेल्या नाण्यांवर बक्षीस म्हणून जिवंत पोकेमॉन मिळत. पोरिगॉन नावाच्या एकासाठी लाल आवृत्तीत ९९९९ नाणी मोजावी लागत. गेम कॉर्नरच्या तळघरात चोरांच्या टोळीचा अड्डा, हे कथाकाराचे मार्मिक भाष्यच म्हणायचे. दहा-बारा वर्षे ही चक्रे फिरली. मग लहान मुलांच्या खेळात जुगाराची नक्कलही नको, असे वारे वाहू लागले. २००९ च्या युरोपीय आवृत्तीत चक्रे बंद पडली; पुढच्या भागांत जपानबाहेर त्यांच्या जागी आकडे ताडून फरश्या उलटण्याचे कोडे आले; आणि नंतर गेम कॉर्नरच नाहीसा झाला. लखनौने कायद्याच्या बडग्याने जे केले ते या खेळाने बाजाराच्या भीतीने केले. तर्क तोच, बारावे आणि तेरावे कलम.

भारतात व्हिडिओ गेम पार्लरचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कर्नाटकातल्या एका प्रकरणात १९९५ साली न्यायालयाने सांगितले की अशी पार्लरे परवान्याच्या बंधनात आणता येतील, कारण यंत्रातला खेळ कौशल्याचा की नशिबाचा हे यंत्र पाहिल्यावाचून ठरत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घातली, कौशल्याची सबबही काढून घेतली.

मॉलमधला गेम झोन यातून सुटतो, कारण तिथे पैसा परत मिळत नाही. मिळतात कागदी तिकिटे किंवा कार्डावर गुण, आणि त्यांवर पेन्सिल, भोवरा, कापडी अस्वल. जुलै २०२२ मध्ये लखनौत लुलू मॉल उघडला, त्यातही मुलांसाठी असा मोठा विभाग आहे. पंजाने खेळणे उचलायचे यंत्र तर कुठल्याही मॉलमध्ये असते. या यंत्रात हात किती आणि नशीब किती, हा प्रश्न मुलाला पडत नाही, बापाला तिसऱ्या फेरीनंतर पडतो. खरे तर बक्षीस पाहून खेळणारे मूल आणि पैज लावून बसलेला बटेरबाज यांच्यात अंतर आहे ते रकमेचे, सवय एकच. एखाद्या कल्पक माणसाने तिलिस्मावर गेम झोन काढला, तर त्याने बक्षिसांचा फळा आधी उतरवावा. मुलाला लौह शोधू द्यावी, झोळी भरू द्यावी, देवाला गुंगी देऊन आडवे पाडू द्यावे. जिंकल्यावर पुढचे दार उघडावे, एवढे पुरे. आजीला बसायला जागा हवी आणि तिलाही खेळता येईल असे काही हवे. मोठ्याने वाचलेली दास्तान त्यासाठी चालेल. २००५ पासून महमूद फारूकी यांनी शम्सुर्रहमान फारूकी यांच्या मार्गदर्शनाखाली दास्तानगोई पुन्हा मंचावर आणली आहे, आणि लखनौत हिमांशु बाजपेयींसारखे दास्तानगो आपल्या शहराच्या गोष्टी सांगतात. सामग्री तयार आहे.

एका गोष्टीत मात्र गाजीउद्दीन हैदरची नदी आजही धडा देते. प्रेक्षकाचा जीव आधी, खेळ नंतर. मे २०२४ मध्ये राजकोटच्या एका गेम झोनला आग लागली आणि २७ माणसे गेली, त्यांत मुलेही होती. त्या जागेला अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला नव्हता. त्यानंतर ठिकठिकाणी तपासण्या झाल्या, काही जागांना टाळे लागले.

मुलांना घेऊन लखनौला जाणाऱ्यांनी भूलभुलय्या सकाळी पाहावी, गर्दी कमी असते. मॉलमध्ये गेलात तर तिकीट काढण्याआधी बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे ते विचारून घ्यावे. वाजिद अली शाहचे प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद असते.